नावं ठेवलेलं घर

नोव्हेंबरपासून क्रॅबट्री नवराबायको वेगळे झोपत होते. भांडण झालं नव्हतं. मध्ये जिना होता.

ओकवर्थच्या चढावरची घरं म्हणजे काळ्या दगडाच्या उभ्या पेट्या, एकमेकींना खांदा लावून रांगेत उभ्या राहिलेल्या. खाली बैठकीची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर. वर निजायची खोली नि न्हाणीघर, आणि त्याच्यावर माळ्याची खोली. जिना मध्येच अंग चोरून वळतो आणि वळणावरची पायरी पाचरीसारखी एका टोकाला निमुळती होते. रॉय क्रॅबट्रीनं जन्मभर कीथलीच्या डोंगरवाटांवर बस चालवली. क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेला, आणि त्याच्या काळजीनं उजवाही. दवाखान्यात नंबर लागला, डावा गुडघा नवा बसवला, तर तो नवा जावई रुसावा तसा रुसून बसला. जिन्याला लावायच्या सरकत्या खुर्चीवाला माणूस येऊन गेला. त्यानं वळणाचं माप घेतलं, मान हलवली, चहा प्यायला आणि गेला.

मग सोफा शेजाऱ्यांना दिला आणि बैठकीच्या खोलीत रॉयसाठी एकट्याचा पलंग टाकला. जोडपलंग तिथं बसेना. बसवला असता तर चहा करायला पलंगावरूनच स्वयंपाकघरात जावं लागलं असतं. स्वयंपाकघरामागच्या कोळशाच्या कोठीत कधीचाच संडास करून घेतला होता, त्यामुळं तेवढं भागलं. आंघोळीला मात्र रॉय आठवड्यातून एकदा बसत बसत, पायरी पायरी करत वर जाई.

दिवसा काही वाटत नसे. दिवे मालवायची वेळ झाली की हेझल जिना चढू लागे. उशाला उशी होती, पायाशी गरम पाण्याची पिशवी होती, कुशीला कोणी नव्हतं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं रॉयच्या पाठीला पाठ लावून निजायची सवय केली होती, आणि आता पाठीमागं नुसती चादर लागे, धुतलेली, ताणलेली, गार.

म्हणून त्यांना एकमजली घर हवं होतं. दुसरं काही नको होतं.

असं घर सिल्सडेनला निघालं. सपाट गल्ली, दारापर्यंत सपाट वाट, निजायची खोली बैठकीला लागून. मालकीण एनिड वॉमर्स्ली, चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा, हॅरोगेटला मुलाकडे राहायला जाणार होती. पण त्या भागात एकमजली घर म्हणजे म्हाताऱ्यांचं सोनं. चढावरचं तीन मजली घर विकून त्याची किंमत हाती येत नव्हती. मधली फट कर्जानंच बुजायची होती. आणि रॉय एकाहत्तरचा, हेझल अडुसष्टची.

पहिलं कर्ज त्यांनी कधीच फेडलं होतं. शेवटचा हप्ता गेला त्या संध्याकाळी दोघांनी दुकानातून तळलेली मासळी नि बटाटे आणले होते, आणि एरवी दोघांत एक घेणाऱ्यांनी त्या दिवशी प्रत्येकी एकेक मासा घेतला होता. आता मेलो तरी कुणाचं देणं नाही, असं रॉय तेव्हा म्हणाला होता.

कीथलीत मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत झुबेर हुसेन बसत असे. कर्ज कुणाकडून, कसं मिळेल हे शोधून देणं हा त्याचा धंदा. त्याचा चुलता रॉयच्या बसवर कंडक्टर होता, त्यामुळं तो रॉयला अंकल म्हणे, हेझलला आंटी, आणि दोघांना समोसे खायला घातल्याशिवाय कागदाला हात लावत नसे. त्यानं सरळ सांगितलं, की नेहमीच्या बँकांना पंचाहत्तरीच्या आत सगळं फिटायला हवं असतं; तसा हप्ता काढला तर तुम्ही घरात राहाल पण जेवणार नाही. दुसरा एक प्रकार होता. जगाल तोवर दर महिन्याला नुसतं व्याज भरायचं. मुद्दल दोघंही गेल्यावर घर विकून फिटणार.

"म्हणजे मेल्याशिवाय सुटका नाही," रॉय म्हणाला.

"घाई नाहीये, अंकल," झुबेर म्हणाला.

मग त्यानं खुर्ची जरा मागं सरकवली. एक प्रश्न विचारावाच लागतो, म्हणाला, नियम आहे, माझ्यावर रागावू नका. तुमच्यातलं एक आधी गेलं, तर मागं राहील त्याला एकट्याच्या पेन्शनवर हप्ता झेपेल का? दोन्ही बाजूंनी बघतात. आधी अंकल गेले असं धरून, मग आंटी गेल्या असं धरून.

हेझलनं समोसा बशीत ठेवला. इतक्या वर्षांत हे दोघांनी कधी तोंडाबाहेर काढलं नव्हतं. आणि इथं एक पोरगा आकडे घालून एकदा तिला विधवा करत होता, एकदा रॉयला एकटा पाडत होता, आणि दोन्ही वेळेला खाली बेरीज निघत होती. रॉय मागं राहिला तर आरामात निभत होतं. हेझल मागं राहिली तर अवघड होतं. रॉयच्या बसच्या पेन्शनमधली अर्धी तिला मिळाली असती, आणि शाळेच्या स्वयंपाकघरातली तिची स्वतःची पेन्शन म्हणजे चिमणीचा घास. बँकेनं तिच्या एकटीच्या ताकदीवर कर्जाची रेघ आखली. सिल्सडेनचं घर त्या रेघेच्या आत जेमतेम बसलं. बोटभरही सैल नव्हतं.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. रॉय ड्रायव्हरचं गिअर टाकणं ऐकत राहिला, हेझल खिडकीबाहेर मेंढ्या बघत राहिली. कोण आधी, कोण नंतर, हे दोघांच्या मनात होतं आणि ते तिथंच राहिलं.

त्यांच्या घराला गिऱ्हाईक लवकर लागलं. लीड्सचं एक तरुण जोडपं, पहिलंच घर घेणारं, जिन्याच्या वळणावर लुब्ध झालेलं. आता साखळी जुळली. पोरांचे पैसे क्रॅबट्रींना, क्रॅबट्रींचे पैसे एनिडबाईंना. एक कडी निसटली की सगळे जमिनीवर. त्या पोरांनाही कर्ज काढायचं होतं, म्हणून त्यांच्या बँकेनं घराची किंमत ठरवायला आपला माणूस धाडला.

तो यायच्या आधी हेझलनं घराचा कोपरा न् कोपरा घासला. खिडक्यांच्या काचा व्हिनेगरनं पुसल्या, पायऱ्यांवर गुडघे टेकून पितळी पट्ट्या चमकवल्या, लिंबाचा केक भाजला. रॉयला तिनं बजावलं होतं की तू मध्ये बोलू नकोस, तू बोललास की बसवर जातोस. त्यामुळं तो पलंगावर पेपर घेऊन बसून राहिला.

माणूस दक्षिणेकडचा होता, उंच, नम्र, हातात पाटीएवढा टॅब. दारातच म्हणाला, छान उजेड आहे.

आता त्या खोऱ्याची एक रीत आहे. कुणी तुमच्या वस्तूला चांगलं म्हटलं, की तुम्ही तिला नावं ठेवायची. मग समोरच्यानं 'छे हो, काहीतरीच' म्हणायचं. मग तुम्ही 'आपलं बरं आहे' म्हणायचं. एवढं झालं म्हणजे दोन्ही पक्षांची अब्रू राहिली. केक वाढताना तो फुगलाच नाही, बसला म्हणायचं, कुणाला सून आवडली तर ती हडकुळी म्हणायचं. कौतुक तसंच गिळणारा माणूस गर्विष्ठ ठरतो, आणि हेझलच्या आईनं तिला गर्विष्ठ व्हायला वाढवलं नव्हतं.

"उजेड कसला," हेझल म्हणाली. "जानेवारीत येऊन बघा. मागची भिंत नुसती घाम गाळते."

"असं?" म्हणून त्यानं टॅबवर काहीतरी टिपलं.

'छे हो' आलं नाही. ते आलं नाही म्हणून हेझलला वाटलं, आपण पुरेसे नम्र झालो नाही. खिडक्या जुन्या घडणीच्या आहेत, सुंदर, असं तो म्हणाला. तिनं सांगितलं, सुंदर आहेत पण वारा आला की दात वाजल्यासारख्या वाजतात. जिन्याला स्वभाव आहे, तो म्हणाला. स्वभाव कसला, जीव घ्यायचा एखाद्या दिवशी, ती म्हणाली. माळ्याच्या खोलीतून दिसणाऱ्या माळरानावर त्याची नजर क्षणभर रेंगाळली, तर तिनं त्याला कौलांची एक सरकलेली रांग दाखवली, जी त्याला बापजन्मी दिसली नसती. केकचे मात्र त्यानं दोन तुकडे खाल्ले. बसलाय जरा, ती म्हणाली. नाही, उत्तम आहे, तो म्हणाला. तेवढं एकच त्यानं नाकारलं. माणूस गेला तेव्हा हेझल रॉयला म्हणाली, किती सभ्य होता.

चौथ्या दिवशी घर विकून देणाऱ्या एजंटचा फोन आला. बँकेनं किंमत बरीच खाली धरली होती. पोरांना तेवढं कर्ज मिळणार नव्हतं, म्हणून ती तेवढे पैसे देऊ शकत नव्हती. एजंट कारणं वाचून दाखवत गेला. मागच्या भिंतीला ओल. खिडक्या सैल. जिना धोकादायक. कौलं सरकलेली. हेझल फोन कानाला लावून उभी होती आणि तिला एकेक वाक्य ओळखीचं वाटत होतं, स्वतःच्याच आवाजातलं.

फोन ठेवून तिनं रॉयला सगळं सांगितलं. लपवण्याचा तिचा स्वभाव नव्हता. तो आधी हसला. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता त्याच्या लक्षात आलं की हसण्यासारखं नाही.

"कौलंसुद्धा दाखवलीस?"

"तो दुसरीकडे बघत होता. मला वाटलं, नंतर कळलं तर लबाड म्हणेल."

झुबेरला फोन केला. त्यानं पुन्हा आकडे मांडले. त्यांच्या घराचे पैसे कमी येणार म्हणजे कर्ज जास्त लागणार, आणि कर्ज तर आधीच रेघेला टेकलेलं. आंटी एकट्या मागं राहिल्या तर एवढं झेपणार नाही, तो म्हणाला. अंकल एकटे राहिले असते तर दिलं असतं. ही त्याची सांगायची पद्धत नव्हती, बँकेची होती. पण ते ऐकून रॉयचा चेहरा उतरला.

त्या दिवशी संध्याकाळी बशा धुऊन झाल्या तरी तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून उठला नाही.

"सोडून देऊ," तो म्हणाला. "मी गेल्यावर तू कुठं व्याज भरत बसशील. इथं निदान छप्पर आपलं आहे."

"छप्पर आहे. त्याच्याखाली वर मी आणि खाली तू."

"मी काय जन्माला पुरणारे, हेझल?"

"म्हणूनच तर." तिनं फडकं दांडीवर टाकलं. "तू गेल्यावर मी एकटी निजणारच आहे. आत्तापासून सराव कशाला?"

रॉयनं तिच्याकडे पाहिलं. उद्या एनिडबाईंकडे जाऊन किंमत थोडी उतरवतील का विचारू, म्हणाला. विचारायला पैसे पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी बस बदलून दोघं सिल्सडेनला गेले. एनिड वॉमर्स्लींनी चांगले कप काढले होते, किंचित काठ उडालेले, तरी जपलेले. बाई अंगानं काडी, पण आवाज खणखणीत. ऐन उमेदीत गिरणीत मागावर होत्या, यंत्रांच्या आवाजावर बोलायची सवय गेली नव्हती. दोघं आत येताच त्यांनी घराची माफी मागायला सुरुवात केली. स्वयंपाकघर म्हणजे कपाट. हेझल म्हणाली, छे हो. बागेत नुसतं शेवाळ. छे हो, किती हिरवं. दोघी अगदी रंगात आल्या होत्या, पैशाचा विषय कपाच्या तळाशी जाऊन बसला होता.

"आणि हिवाळ्यात गारठा," एनिडबाई म्हणाल्या. "मेलं हाडात शिरतो."

"शिरत असणार," रॉय म्हणाला. "भिंती पातळच दिसतायत."

हेझलचा कप ओठांपाशीच थांबला. कुणाच्या घरी बसून, त्याचाच चहा पिऊन, त्यानं ठेवलेल्या नावांना हो म्हणणं म्हणजे टेबलावर पाय ठेवण्यापैकी. एनिडबाईंनी चष्मा वर सरकवला आणि रॉयकडे नीट पाहिलं.

"चाळीस वर्षांत मला कुणी हो म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "खरंच पातळ आहेत. आमच्या ह्यांना मी तेव्हाच सांगितलं होतं." आणि मग त्यांनी विचारलं, "बोला. चहाला आलेला नाहीत तुम्ही."

रॉयनं हेझलकडे पाहिलं. हेझलनं कप खाली ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा परक्या घरात सरळ बोलली. आमच्या घराचे पैसे कमी येताहेत, ती म्हणाली, आणि चूक माझी आहे, मीच त्याला नावं ठेवली. तुमचं घर आम्हाला छान वाटतं म्हणून हवंय असं नाही, छान आहेच. पण ह्याला जिना चढवत नाही. नोव्हेंबरपासून आम्ही एका खोलीत निजलो नाही. एवढं बोलून ती कानापर्यंत लाल झाली. अशी गोष्ट तिनं बहिणीलाही सांगितली नसती.

एनिडबाई उठल्या, किटलीत पाणी भरलं, पाणी उकळेपर्यंत पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी तिघांच्या कपात चहा ओतला.

"घोरतो का?" त्यांनी विचारलं.

"घोरतो."

"आमचे हेपण. मी कोपरानं ढोसायची. गेले, तर पहिलं वर्षभर झोपेत कोपर मारायची नि ते गादीवर आपटायचं." मग त्यांचा आवाज पुन्हा मागावरचा झाला. "हे बघा, सगळं मी सोडणार नाही. मी काही चर्चची दानपेटी नाही. तूट तिघांत वाटू. एक हिस्सा माझा. एक हिस्सा त्या पोरांना द्यायला लावा, घर हवंय ना त्यांना. एक हिस्सा तुम्ही उभा करा. माझा मुलगा आरडाओरडा करील. करू दे, लहानपणापासून करतो."

आणि तसंच झालं, पण सरळ झालं नाही. मुलानं दोनदा फोन करून आईला वेड्यात काढलं. लीड्सच्या पोरांनी आधी नाही म्हटलं, मग त्यांतल्या मुलीच्या आईनं थोडे पैसे दिले आणि हो आलं. क्रॅबट्रींचा हिस्सा रॉयची गाडी विकून निघाला. गुडघ्यांमुळं ती हिवाळ्यापासून दारात उभीच होती. हेझल गाडी चालवायला शिकलीच नव्हती. गाडी गेली तेव्हा रॉय रस्त्यावर उभा राहून वळणापर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, बरं झालं, आता म्हाताऱ्यांच्या फुकट पासावर मागच्या सीटवर बसीन आणि जन्मभर दुसऱ्यांनी मला ठेवली तशी ड्रायव्हरला नावं ठेवीन.

झुबेरनं सगळं पुन्हा बँकेकडे धाडलं. या वेळी हेझल एकटी मागं राहिली तरी रेघेच्या आत बसली. एकटीनं कसं निभेल ते आता तिला पैशापुरतं तरी ठाऊक झालं होतं, आणि आश्चर्य म्हणजे त्याची धास्ती थोडी कमी झाली होती. सह्यांच्या आधी वकिलानं नियमाप्रमाणे दोघांना वेगवेगळं बोलावलं. म्हाताऱ्या माणसांवर कुणी दडपण आणून कर्ज काढायला लावत नाही ना, हे बघायला. तुमच्यावर कुणी जबरदस्ती करतंय का, असं रॉयला विचारलं.

"हो, बायको," तो म्हणाला.

वकिलाला विनोद कळला नाही. त्यानं लेखणी खाली ठेवली. मग हेझलला आत बोलावून सगळं पहिल्यापासून निस्तरावं लागलं, आणि परत येताना ती बसस्टॉपपर्यंत रॉयशी बोलली नाही.

जूनमध्ये सामान हललं. ट्रकवाले दोघं बापलेक होते. सवयीनं त्यांनी आधी किटलीचं खोकं उघडायला घेतलं. हेझलनं थांबवलं. चहा नंतर, म्हणाली, आधी पलंग. जोडपलंग. बापानं भुवई उंचावली. दोघांनी पाय जोडले, फळ्या बसवल्या, गादी टाकली. बाकीचं सामान भिंतीला लावून, पैसे घेऊन ते गेले.

घर शांत झालं. खोक्यांच्या मधून वाट काढत रॉय काठी टेकत निजायच्या खोलीपर्यंत आला. एकही पायरी न चढता आला, आणि उंबरठ्याशी थांबून त्यानं मागं वळून पाहिलं, आपण आलो कुठून ते बघावं तसं. पडदे लागले नव्हते. खिडकीतून दुपारचं ऊन सरळ गादीवर पडलं होतं. जुन्या खोलीत रॉय दाराकडे निजे, ती भिंतीकडे. इथं दार कुठं नि भिंत कुठं, कुणाची बाजू कुठली, काहीच ठरलेलं नव्हतं. तो जवळच्या बाजूला टेकला आणि हळूहळू आडवा झाला. हेझलनं चपला काढल्या, वळसा घालून पलीकडे गेली. चादरही नव्हती. ती पाठीवर पडली, मग कुशीवर वळली, आणि तिची पाठ त्याच्या पाठीला लागली. ऊब यायला वेळ लागला नाही.

बाहेर कुणीतरी वाटेवरून चालत आलं. खिडकीशी एक सावली, हातात झाकलेली बशी. नवी शेजारीण असणार. दाराची घंटी वाजली, मग दारावर हलकेच टकटक झाली.

हेझलच्या अंगात जुनी लगबग उठली. केस विस्कटलेले, खोकी तशीच, बसायला खुर्ची मोकळी नाही, ती काय म्हणेल.

"दार वाजतंय," रॉय म्हणाला.

हेझलनं डोळे मिटले.

"वाजू दे," ती म्हणाली.